चिठ्ठी तीच, गोळी तीच

माझ्या खालाच्या घरी कपाटाच्या वरच्या खणात साडीच्या दुकानाची एक जुनी पिशवी आहे. तिच्यात तिच्या मुलीच्या नऊ वर्षांच्या चिठ्ठ्या आहेत. मुलीचं लग्न ठरलं म्हणून ती पिशवी या उन्हाळ्यात बाहेर निघाली. खालाने दार लावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "ही गोळी निकाहच्या आधी बंद करता येईल का गं? तिकडच्यांना कळायला नको."

मी डॉक्टर नाही. पण घरात ज्याला इंग्रजी वाचता येतं त्याच्या हातात आजारपणाचे कागद येतात, हे तुमच्याही घरात होत असेलच. मी सगळ्या चिठ्ठ्या पलंगावर तारखेप्रमाणे लावल्या. पहिली चिठ्ठी जिल्ह्याच्या ठिकाणच्या डॉक्टरांची. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. वजन ३८ किलो, दोनदा फिट आली, गोळीचं नाव, डोस आणि शेवटी 'एका महिन्याने दाखवणे'. त्यानंतरच्या सगळ्या चिठ्ठ्या घराजवळच्या दवाखान्यांतल्या. त्यांवर तारीख, गोळीचं नाव, ३० दिवस, सही, इतकंच. काहींवर तर गोळीचं नावही नाही, नुसतं 'रिपीट'. नऊ वर्षांत एकाही कागदावर दुसऱ्यांदा वजन लिहिलेलं नाही. किती फिट आल्या हे नाही. मुलीची मुलगी झाली, तिचं लग्न ठरलं, याची त्या कागदांना खबरच नाही.

हे मी तिला विचारून लिहिते आहे. नाव, गाव, दवाखाना यांतलं काही देणार नाही, कारण त्याने काही साधत नाही. ती पिशवी एकाच घरातली नाही.

गोळी होती सोडियम व्हॅल्प्रोएटची. पुढचं वाचण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हे वाचून कोणीही स्वतःची किंवा घरातल्या कोणाची गोळी आजपासून बंद करू नये. फिटची गोळी एकदम बंद केली तर फिट परत येतात, आणि कधी अशा येतात की एक थांबायच्या आत दुसरी सुरू होते. त्यात जीव जाऊ शकतो. खालाला मी पहिल्यांदा हेच सांगितलं.

व्हॅल्प्रोएट वाईट औषध नाही. काही प्रकारच्या फिटवर त्याच्याइतकं चांगलं औषध कमीच आहे, आणि मनाच्या आजारातही ते वापरतात. पण गरोदरपणात ते चालू असेल तर साधारण १०० पैकी १० बाळांत जन्मतः मोठा दोष आढळतो, पाठीच्या कण्याचा, हृदयाचा, टाळूचा. एरवी हे प्रमाण १०० मध्ये २ ते ३ असतं. शिवाय अशा १०० मुलांपैकी ३० ते ४० मुलांना पुढे बोलायला, शिकायला, समजून घ्यायला अडचणी येतात. बाळाचा कणा गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांत मिटतो, म्हणजे बऱ्याच बायकांना दिवस गेल्याचं कळायच्या आत. म्हणून हा विचार निकाहनंतर नाही, आधी करायचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की मूल होण्याच्या वयातल्या मुलींना आणि बायकांना हे औषध देऊ नये. दुसरं काहीच लागू पडत नसेल, तर मोठ्या डॉक्टरांनी तिला सगळं समजावून सांगून ठरवावं.

नऊ वर्षांत हे माझ्या बहिणीला कोणी सांगितलं नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं. विचारायचं असतं हेच माहीत नसताना विचारणार काय?

आम्ही दोघी मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो. पिशवी घेऊन. त्यांनी चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या आणि तिला एक प्रश्न विचारला, "सकाळी उठल्यावर हाताला झटके बसतात का? हातातला कप पडतो का?" ती माझ्याकडे बघायला लागली. घरात 'धांदरट' म्हणून तिचं नाव पडलेलं आहे. चहाच्या बशा तिच्या हातून फुटतात म्हणून खाला तिला स्टीलचा पेला देते. ते झटके आजाराचाच भाग होते. किशोरवयात सुरू होणारा फिटचा हा एक ओळखीचा प्रकार आहे. सकाळचे झटके ही त्याची खूण, आणि अपुरी झोप हे त्याला चिथावणारं सगळ्यात मोठं कारण. पहिली फिट कधी आली होती, हे त्यांनी विचारल्यावर खालाला आठवलं: रमजानच्या सत्ताविसाव्या रात्री सगळं घर जागं होतं, सहरी झाली, फजरनंतर पोरगी आडवी झाली आणि तासाभराने उठली ती खाली कोसळलीच. त्या दिवसापासून घरात 'साया' हा शब्द आला आणि अजून गेलेला नाही. रात्रभर जागल्यावर सकाळी आलेली ती फिट डॉक्टरांना मात्र पुस्तकात लिहिल्यासारखी वाटली.

आता त्यांनी दुसरी गोळी हळूहळू वाढवत आणि जुनी हळूहळू कमी करत न्यायला सांगितलं आहे. त्याला काही महिने लागतील. सोबत फोलिक ॲसिड. आणि नव्या गोळीने चिडचिड वाढते का, मन उदास होतं का, हे घरच्यांनी बघायचं.

मला राग आला होता, हे कबूल करते. मोहल्ल्यातल्या डॉक्टरांवर. मग एका संध्याकाळी मी त्यांच्या दवाखान्यात नुसती बसले. दोन तासांत पन्नासच्या वर माणसं. ताप, जुलाब, शुगर, लहान पोरांचा खोकला. एका बाईचे पैसे त्यांनी घेतलेच नाहीत. बहिणीबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मोठ्या डॉक्टरने सुरू केलेली गोळी मी कशी बदलणार बेटी? आणि तिला फिट येत नव्हती ना." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मोठ्या डॉक्टरने सुरू केली आणि समजला की जवळचा डॉक्टर बघेल. जवळच्याला वाटलं, मोठ्याने बघितलंय. मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघून पाकीट दिलं. घरच्यांना वाटलं, गोळी चालू आहे म्हणजे इलाज चालू आहे. नऊ वर्षं प्रत्येकाने आपापलं काम केलं आणि तिच्याकडे कोणी पाहिलं नाही.

या आजारांचा इलाज मोठ्या डॉक्टरांनीच करावा, असं म्हणून सुटका होत नाही. भारतात लाख माणसांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, आणि मेंदूविकारतज्ज्ञ बहुतेक मोठ्या शहरांत. आकडीचे रुग्ण मात्र देशात एक कोटीच्या वर आहेत. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की नीट निदान आणि नीट औषध मिळालं तर दहापैकी सातजण फिटशिवाय जगू शकतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर दहा प्रौढांमागे एकाला त्या वेळी मनाचा काही ना काही आजार होता, आणि त्यांतल्या बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. एवढी माणसं बघायची तर ती प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात आणि मोहल्ल्यातल्या दवाखान्यातच बघावी लागणार. ही कल्पना नवी नाही. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला तो याच विचाराने, की गावपातळीवरच्या साध्या डॉक्टरला मोजकी औषधं वापरायला शिकवायचं. १९९६ मध्ये जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. गोळ्या पोहोचवण्याचं काम त्यातून बऱ्याच ठिकाणी झालं. गोळी चालू असलेल्या माणसाकडे पुन्हा पुन्हा बघण्याचं काम मागे पडलं.

त्या बघण्याला लागतं तरी काय? बहुतेक वेळा वजनकाटा, बीपीचं मशीन, शुगर तपासायची पट्टी आणि चार प्रश्न. हे सगळं आरोग्य केंद्रात असतं. प्रश्न तेवढे विचारले जात नाहीत.

फिनिटॉइन घ्या. गावात आणि मोहल्ल्यात फिटवर सगळ्यात जास्त दिसणारी ही गोळी, स्वस्त आणि जुनी. तिची खोड अशी की ठरावीक मर्यादेनंतर डोस थोडासा वाढवला तरी रक्तातलं प्रमाण एकदम चढतं. मग माणूस झोकांड्या खातो, डोळे लुकलुकतात, बोलणं जड होतं. बघणाऱ्याला वाटतं, हा पिऊन आलाय. आपल्या मोहल्ल्यात अशा संशयाने एखाद्याला किती ऐकून घ्यावं लागत असेल, विचार करा. वर्षानुवर्षं घेतली तर हिरड्या सुजून दातांवर चढतात. दात घासताना रक्त येतं म्हणून माणूस दातांच्या डॉक्टरकडे जातो आणि गोळीचं नाव सांगत नाही. टीबीचं औषध सुरू झालं तर तिकडचं आयसोनियाझिड फिनिटॉइनचं प्रमाण वाढवतं आणि रिफाम्पिसिन ते खाली आणतं. म्हणजे टीबीची फाईल आणि फिटची फाईल एकाच टेबलावर उघडी असायला हवी. त्या दोन वेगवेगळ्या खिडक्यांवर असतात.

बायकांसाठी आणखी एक. फिनिटॉइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन या गोळ्यांनी माला-डीसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो. आशाताई माला-डी देऊन जाते, दवाखाना फिटची गोळी देतो, आणि दोघांना एकमेकांचं ठाऊक नसतं. नको असताना दिवस गेले की दोष बाईला, 'गोळी चुकवली असशील'.

लिथियम ही मनाच्या आजारातली जुनी आणि गुणकारी गोळी. उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यात अंतर फार थोडं. म्हणून रक्तातलं प्रमाण डोस बदलल्यावर आठवडाभराने आणि नंतर तीन ते सहा महिन्यांनी बघावं लागतं, जोडीला किडनी आणि थायरॉइड. ही तपासणी आरोग्य केंद्रात होत नाही, त्यामुळे लिथियम तज्ज्ञानेच सुरू करावं हे ठीक. पण रुग्ण राहतो मोहल्ल्यात. गुडघा दुखला की मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणतो, आणि त्याने लिथियम शरीरात साचतं. जुलाब, उलट्या, कडक ऊन यांनीही तेच होतं. हातांची थरथर वाढली, जुलाब लागले, चाल अडखळली, माणूस गुंगीत गेला तर सकाळची वाट बघायची नाही. जवळच्या डॉक्टरला एवढं माहीत असलं तरी पुष्कळ.

ओलान्झापिनने भास थांबतात, झोप लागते, घर शांत होतं. आणि सहा महिन्यांत वजन दहा किलोने वाढू शकतं, शुगर चढू शकते. घरचे खूश होतात की पोरगा अंगाने भरला. दर महिन्याला काट्यावर उभं केलं तर वेळेत कळतं.

झोपेच्या गोळीबद्दल आपल्यात फार ढिलाई आहे. दादीला झोप येत नाही, अल्प्राझोलम. अब्बांना टेन्शन, अल्प्राझोलम. ही दोन-चार आठवड्यांची गोळी आहे, पण घरांत ती वर्षांनी मोजली जाते. म्हातारी माणसं रात्री उठताना पडतात, विसरायला लागतात, आणि एकदम बंद केली तर ज्याला आयुष्यात फिट आली नाही त्यालाही येऊ शकते. मालेगावच्या बातम्यांत 'कुत्ता गोळी' म्हणून जिचं नाव येतं ती हीच. मेडिकलवाल्याने ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, आणि दिल्यावर कोणी लिहून दिली, कोणाला दिली, किती दिली याची नोंद तीन वर्षं जपून ठेवायची, असा नियम २०१४ पासून लागू आहे. पोरं बिघडली म्हणून जुम्याच्या बयानात ओरडणारे आपण ती नोंदवही कधी मागतो का?

आता तुमच्याबद्दल, कारण हे वाचणारे बहुतेक पंचविशीच्या आतले आहात. उदासीवर, घाबरण्यावर एसिटालोप्रामसारखी गोळी डॉक्टर देतात. माझ्या एका मित्राने ती आठव्या दिवशी फेकून दिली. म्हणाला, मळमळ तेवढी झाली, फायदा काही नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की मळमळ पहिल्या आठवड्यात होते आणि फायदा दोन ते चार आठवड्यांनी दिसायला लागतो. बरं वाटल्यावरही ती सहा महिने ते वर्षभर चालू ठेवायची असते आणि बंद करायची तीही टप्प्याटप्प्याने. आणखी महत्त्वाचं म्हणजे, तरुण वयात गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काहींची बेचैनी वाढते, जीव नकोसा वाटण्याचे विचार वाढू शकतात. म्हणून त्या काळात डॉक्टरांनी आठवड्या-दोन आठवड्यांत परत बोलवायला हवं, आणि घरातल्या एका माणसाला ते माहीत असायला हवं. असा विचार आला तर लपवू नका, डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, मराठीत आणि उर्दूत बोलता येतं.

रमजानबद्दल डॉक्टर विचारत नाहीत आणि आपण सांगत नाही. हिंदू डॉक्टरला वाटतं, धर्माचा विषय, कशाला काढा. मुस्लिम डॉक्टरला वाटतं, रोजा सोड म्हटलं तर पेशंट तुटेल. आणि पेशंट घरी स्वतःच ठरवतो: दुपारची गोळी सोडून द्यायची, किंवा तिन्ही गोळ्या सहरीला एकदम घ्यायच्या. दोन्ही धोक्याचं. प्रत्येक औषध शरीरात किती वेळ टिकतं ते वेगळं असतं. फिनोबार्बिटोन काही दिवस टिकतं, रात्री एकदा घेतलं तरी भागतं. साधं कार्बामाझेपिन काही तासांचं, ते दिवसातून दोन-तीनदा लागतं, पण हळूहळू विरघळणारी गोळी असली तर इफ्तार आणि सहरी या दोन वेळांत बसवता येते. हे बसवायला डॉक्टरांना वेळ लागतो, म्हणून शाबान लागला की जायचं, चांदरातीला नाही. लिथियम चालू असलेल्याने उन्हाळ्यातल्या रोजाचा विचार तर तज्ज्ञाला विचारल्याशिवाय करूच नये. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो, तेव्हा गेल्या वेळी जमलं म्हणून दहा वर्षांनी जमेल असं नाही.

माझ्या बहिणीचा प्रश्न गोळीच्या वेळेचा नव्हताच. तिची गोळी इफ्तार-सहरीत बसत होती. तिला बाधते ती जाग. तरावीहनंतर उशिरा झोपायचं, स्वयंपाकासाठी तीनला उठायचं, फजरनंतर पुन्हा झोप नाही कारण घरातली कामं. सहरीची तयारी घरातल्या मुलीने करायची हे कुठल्या किताबात लिहिलं आहे मला ठाऊक नाही. तिचा भाऊ चुलीपुढे उभा राहिला असता तर तिच्या निम्म्या फिट कमी झाल्या असत्या, हे मी नाही, डॉक्टर म्हणाले, जरा सभ्य शब्दांत.

सूरह बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतींत आजारी माणसाला रोजाची सूट आहे, हे मदरशातल्या लहान पोरालाही माहीत असतं. तरी आपल्याकडे शुगरवाल्याला ती सूट मिळते आणि मनाच्या आजाराच्या माणसाला मिळत नाही. त्याला लोक म्हणतात, रोजा ठेव, नमाज पढ, दिल साफ होईल. म्हणजे आजार मानायलाच तयार नाही. इब्न सीनाने हजार वर्षांपूर्वी अल-कानूनमध्ये मिर्गीचं वर्णन मेंदूच्या आजारांमध्ये केलं. त्याचं नाव आपण शाळांना देतो.

दर्ग्याबद्दल लिहिलं की आपल्या काही वाचकांना राग येतो आणि काहींना फार आनंद होतो. दोघांनाही सांगते, खालाने बहिणीला दोन दर्ग्यांवर नेलं होतं आणि तिथे तिला बरं वाटलं होतं. कोणीतरी डोक्यावर हात ठेवला, नाव विचारलं, ऐकून घेतलं. दवाखान्यात हे झालं नव्हतं. अडचण सुरू होते ती गोळी बंद करायला सांगतात तिथे, आणि साखळी येते तिथे. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका आश्रयगृहात आग लागली. माणसं साखळीने बांधलेली होती, पळता आलं नाही. २८ जण गेले. आज २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने कोणालाही साखळीने बांधणं गुन्हा आहे, मग ते दर्ग्यात असो, मंदिरात असो की घरात. दुसरीकडे गुजरातमध्ये उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून 'दवा आणि दुआ' चालू झालं. मुजावरांना आजाराच्या खुणा शिकवल्या, आवारातच मानसोपचाराचा दवाखाना उभा राहिला. आलेल्या माणसाला मुजावरच सांगतो, दुआ इथे, दवा तिथे. आपल्या जिल्ह्यातल्या एका दर्ग्याच्या ट्रस्टींशी बोलायला आपले किती तरुण जातील?

हक्काचंही थोडं. याच २०१७ च्या कायद्याच्या १८ व्या कलमात आहे की मनाच्या आजारावरची अत्यावश्यक औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात कायम आणि फुकट मिळाली पाहिजेत. 'कायम' हा शब्द महत्त्वाचा आहे. या महिन्यात गोळी आहे, पुढच्या महिन्यात संपली, 'बाहेरून घ्या', हे चालत नाही. तापाची गोळी संपली तर ताप दोन दिवस जास्त राहील. फिटची किंवा भासाची गोळी महिनाभर संपली तर माणूस जिथून निघाला होता तिथे परत जातो, कधी त्याच्याही मागे. हा कायदा मनाच्या आजारांपुरता आहे, फिटला थेट लागू होत नाही. पण फिटच्या मुख्य गोळ्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, त्यामुळे मागणी दोन्हींची करता येते. माहिती अधिकाराचा एक अर्ज पुरतो: आपल्या ग्रामीण रुग्णालयात गेल्या बारा महिन्यांत यातलं कुठलं औषध किती दिवस नव्हतं? रेशनसाठी, शाळेसाठी असे अर्ज आपण केलेत. यासाठी माझ्या माहितीत एकही केलेला नाही, मीही नाही. आता करते आहे.

आणि घरात एक वही. शंभर पानी, साधी. फिट कधी आली, किती मिनिटं, आधी झोप झाली होती का. पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८ ला फोन, हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात. तोंडात चमचा नको, कांदा आणि चप्पल नाकाशी नको, कुशीवर वळवायचं. महिन्याचं वजन. कुठल्या गोळ्या, दुसरं काही औषध सुरू झालं का. दवाखान्यात गेलं की वही उघडून समोर ठेवायची. डॉक्टरकडे तीन मिनिटं असतात, त्या तीन मिनिटांत ती वही त्यांच्या उपयोगाला येते. आमच्या मोहल्ल्यातल्या डॉक्टरांना बहिणीची वही दाखवली तेव्हा त्यांनी तिच्यावरच तारीख टाकून वजन लिहिलं. मग विचारलं, "सुबह झटके कम हुए क्या?"

कमी झाले आहेत. पेला अजून स्टीलचाच आहे. निकाहची तारीख पाच महिने पुढे गेली आहे, गोळी पूर्ण बदलेपर्यंत. नातेवाइकांना हॉल मिळाला नाही असं सांगितलं आहे. मुलाला खरं कारण माहीत आहे, ते तिने स्वतः सांगितलं, फोनवर, खालाला न विचारता. त्याच्या अम्मीला अजून कळलेलं नाही.